डावीकडे सायकल

घड्याळाच्या दुकानापाशी सिग्नल लाल झाला तेव्हा माझ्या बसच्या अगदी नाकासमोर बाबांची पांढरी गाडी उभी होती. छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि मागच्या काचेवर बाबांनी स्वतः रंगवलेलं वाक्य: 'घाई असेल तर पुढे जा, आम्ही इथे शिकतोय.' मी हॉर्न अगदी हलका, चिमटा काढावा तसा दाबला. बाबांनी आपल्या बाजूच्या जादा आरशात पाहिलं आणि दोन बोटं कपाळाला लावली. हा आमचा रोजचा नमस्कार. तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बसवाल्यांना मिळतो, मोटार शिकवणाऱ्या इतरांना मिळतो, सायकलवाल्यांना आजवर कधी मिळालेला नाही.

गाडीला डावीकडे वळायचं होतं, मलाही तिकडेच. रस्त्याच्या कडेला सायकलींची हिरवी पट्टी आहे, तिच्या शेजारी आमची बसची आणि त्यापलीकडे मोटारींची. वळणाऱ्या मोटारींना शेवटी शेवटी आमच्या पट्टीत शिरायची मुभा आहे. वळताना हिरवी पट्टी ओलांडावी लागते आणि तिथे सायकलीचा मान पहिला. हा नियम मी बाबांकडूनच शिकले.

सिग्नल सुटला. बसची सीट उंच, त्यामुळे मला गाडीच्या छपरावरून पलीकडचं दिसतं. हिरव्या पट्टीवरून आई येत होती. सायकलच्या मागे तिचा लाल पत्र्याचा डबा, त्यात दुरुस्तीला आलेले लोकांचे कपडे. ती सरळ जाणार होती. मोटार थांबणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती, कारण डाव्या सीटवर बाबा बसले होते आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक होता.

मोटार थांबली नाही. मागचे लाल दिवे लागलेच नाहीत. आईने करकचून ब्रेक दाबला, सायकल आडवी झाली आणि ती फुटपाथच्या कडेवर कोपरावर आपटली. मोटार अगदी पुस्तकात दाखवतात तशी हळू, सुरेख वळली आणि निघून गेली.

मी हँडब्रेक ओढला, दार उघडलं. तेवढ्यात आई उठून बसली. तिने मला पाहिलं आणि तळहात दाखवला, की उतरू नकोस. मग उभी राहून साडी झटकली, सायकल सरळ केली, डबा नीट लागलाय का ते बघितलं आणि वाहतूक पोलिसाला शोभेल अशा थाटात मला हाताने खूण केली, की जा. बस खचाखच भरलेली, मागे दुसरी बस. मी गेले.

"काय माणसं असतात!" दारापाशी उभी असलेली एक बाई म्हणाली. "पाडलं आणि सरळ निघून गेला. ताई, गाठा त्या गाडीला."

मी गिअर बदलला. तिला काय सांगणार होते?

आमच्या घरात तीन पक्ष आहेत. बाबा मोटारीचे, मी बसची, आई सायकलची. मी अजून माहेरीच राहते, त्याची कथा वेगळी आहे आणि ती आज नको. तर गेल्या वर्षी नगरपालिकेने बाजाराचा रस्ता नव्याने वाटून दिला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लढाई सुरू झाली. अंथरूण तेवढंच आणि पाय पसरणारे तिघे. बाबा ताट मधे ओढून म्हणायचे, "ही तुझी बस." पेला शेजारी ठेवायचे, "ही मोटार. आता सांग, हा चमचा कुठून जायचा?" मी म्हणायचे, बसमध्ये साठ माणसं असतात, तुमच्या मोटारीत दीड. ते म्हणायचे, दीड का? मी म्हणायचे, शिकणारा अर्धाच धरायचा. आई थोडा वेळ ऐकून घ्यायची आणि फडकं घेऊन उभी राहायची. "बस, मोटार, सायकल सगळ्यांनी बाजूला व्हा. मला टेबल पुसायचंय."

बाबांचा खरा राग सायकलवाल्यांवर. हा राग जुना नव्हता, अलीकडे अलीकडे वाढत चालला होता. "हे उगवतात कुठून?" ते घरी आल्या आल्या सुरू करायचे. "आत्ता नव्हता, आत्ता आहे! जमिनीतून वर येतात की काय?"

"घरातून येतात," आई म्हणायची. "घरची कामं आटपून येतात."

ती सायकल चालवते त्यालाही बाबाच कारण. लग्नानंतर त्यांनी तिला मोटार शिकवायला घेतली होती. दुसऱ्याच दिवशी ती गाडीतून उतरली, दार हळूच लावलं आणि म्हणाली, "मला तुमची बायकोच राहू दे, विद्यार्थी नको." त्याच महिन्यात तिने सायकल घेतली आणि शहाण्यासारखं दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

बाकी गावाला मात्र बाबांनीच शिकवलं. लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. मोटारीत, टॅक्सीत, दुसऱ्या कुणाच्याही गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय जमीन दाबत राहतो. टीव्हीवर मोटारींचा पाठलाग सुरू असला तरी दाबतो. आमच्या सोफ्यासमोरच्या सतरंजीला एकाच जागी भोक पडलंय ते त्यामुळे. पण लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यांच्या बोलक्या शिकवणीसाठी. "दिसेल ते बोला," हा त्यांचा पहिला धडा. शिकणाऱ्याने मोठ्याने सांगत जायचं: पुढे बस. उजवीकडे आजोबा, काठीवाले. डावीकडे सायकल. सगळं बोलून झालं की बाबा एकच शब्द म्हणायचे, "घ्या." ते 'घ्या' आलं नाही तर क्लचवरचा पाय उचलायचा नाही, मागे हॉर्नचा कितीही कल्लोळ होवो. मी शिकले तेव्हा मला 'घे' असायचं. लायसन्स मिळाल्यावर कितीतरी महिने मी रिकाम्या गाडीत एकटीच बडबडत असायचे आणि वळणावर त्या 'घे'साठी अडून राहायचे. हसू येतं, पण या बोलक्या शिकवणीमुळेच माझ्या बसला आजपर्यंत ओरखडा नाही.

संध्याकाळी मी घरी आले तर बाबा जमिनीवर बसले होते आणि खुर्चीत बसलेल्या आईचं कोपर कापसाने पुसत होते. कोपर चांगलंच सोलवटलं होतं.

"पडलीस कशी पण?"

"घसरले."

"कोरड्या रस्त्यावर?"

"कोरड्या रस्त्यावर."

"विकून टाक ती सायकल," बाबा म्हणाले. औषध झोंबू नये म्हणून ते मधे मधे जखमेवर फुंकर घालत होते. "आज नुसती घसरलीस. उद्या मागून एखादी गाडी आली म्हणजे? या गावात कोण बघून चालवतं? माझ्याकडे शिकले तेवढे सोडले तर कुणी नाही."

मला तिथे उभं राहवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच नळ सोडला. थोड्या वेळाने आई आली आणि तिने नळ बंद केला.

"आई, ते बाबा होते."

"माहीत आहे. गाडीवरची पाटी मला वाचता येते."

"त्यांना तू दिसलीच नाहीस."

"तेही माहीत आहे." तिने चांगल्या हाताने भांडी लावायला घेतली. "डावीकडचा पेला त्यांना दिसत नाही, म्हणून लवंडतो. दाराची चौकट डाव्या खांद्याला लागते. मी मीठ हल्ली उजवीकडे ठेवते. बाहेर जाताना त्यांच्या डाव्या बाजूने चालते. तुला काय वाटलं, म्हातारपणी लाडात आलेय?"

मला खरंच तसं वाटलं होतं.

"कधीपासून?"

"सांगता येत नाही. एक दिवस असं काही झालं नाही. हळूहळू होत गेलं. त्यांनासुद्धा ठाऊक नाही गं. त्यांना वाटतं वस्तूच मधे येतात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. उगवतात, असं ते म्हणायचे. आम्ही त्यांना हेकट समजत होतो आणि ते बिचारे दिसेल ते बोलत होते. सायकली त्यांना खरोखरच उगवल्यासारख्या दिसत होत्या. कडेचं सगळं पुसलं गेलं होतं आणि मधे येईल तेवढंच उरलं होतं.

"घरात तू त्यांच्या डाव्या बाजूने चालशील," मी म्हणाले, "गाडीच्या डाव्या बाजूने कोण चालणार? आज तू होतीस म्हणून ब्रेक दाबलास. उद्या शाळेतलं पोर असेल, आई. एखादी म्हातारी असेल."

"हळू बोल."

"मी आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना."

"नाही," ती म्हणाली. "बायकोला पाडलं आणि कळलंसुद्धा नाही, हे त्या माणसाला कसं सांगायचं ते मला आधी ठरवू दे. शिकवणं गेलं तर त्यांचं राहिलं काय? मी सांगते. माझ्या तोंडाने सांगते. उद्याचा दिवस दे मला."

मी तो दिला, पण बाबांना दिला नाही. सकाळी उठून त्यांच्या गाडीच्या दोन चाकांची हवा सोडली. लहानपणी कधी केला नाही तो चावटपणा चाळिशीत केला आणि कामावर निघून गेले.

दिवसभर माझं लक्ष वळणावर होतं. पांढरी गाडी दिसली नाही. सुट्टीनंतर घरी आले तर बाबा फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते. गॅरेजवाला नुकताच हवा भरून गेला होता.

"पंक्चर नाही म्हणे. कुणीतरी हवा सोडली. सकाळपासूनच्या सगळ्या शिकवण्या बुडाल्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "ड्रायव्हर, तुला काही माहीत आहे?"

मी खोटं बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात फाटक वाजलं. शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाई आल्या होत्या. काल सकाळी बाबांची गाडी त्याच चालवत होत्या. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालाय, गाडी दारात धूळ खात पडलीय आणि दवाखान्याच्या खेपा संपत नाहीत, म्हणून पन्नाशीत शिकायला लागल्या. बाबांची त्या लाडकी विद्यार्थिनी. "घाबरतात, पण बोलतात छान," असं ते म्हणत.

बाई आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"आजची शिकवणी राहिली, माफ करा," बाबा म्हणाले. "उद्या भरून काढू."

"सर, मला उद्यापासून नको."

"का हो? वळण तर सुरेख आलंय तुमचं."

"भीती वाटते."

"भीती चांगली असते. जो घाबरत नाही तो बघत नाही."

"गाडीची नाही, सर," बाई म्हणाल्या. "तुमची वाटते."

बाबा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग बाईंचा चेहरा बघून ते थांबले.

"काल त्या वळणावर मी बोलले होते, सर. डावीकडे सायकल, म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, नाही, घ्या. मला वाटलं, मास्तर म्हणतायत नाही, म्हणजे नसणारच. मीच चुकीचं बघितलं असेल. म्हणून घेतली गाडी. वळल्यावर आरशात बघितलं तर एक बाई रस्त्यावर पडलेली. माझी तर वाचाच बसली. तुम्ही म्हणालात, छान वळण. मग मी काहीच बोलले नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या बाईचं काय झालं असेल हो?"

आई त्याच वेळी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली होती. पदराखाली हात लपवायचा तिने प्रयत्न केला, पण पेला त्याच हातात होता. बाईंनी पेला घेतला. त्यांची नजर कोपराच्या पट्टीवर गेली, तिथून ओसरीवर टेकवलेल्या सायकलकडे गेली आणि तिथेच राहिली.

"लाल डबा होता," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग त्यांना समजलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

आई बाबांच्या डावीकडे उभी होती. तिला बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली. त्यांचं असं मान वळवणं मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"तू होतीस?"

"घसरले म्हटलं ना मी."

"तू होतीस का?"

"हो," आई म्हणाली.

सतरंजीवरचा त्यांचा उजवा पाय भोकाच्या जागी घट्ट दाबलेला होता. शेवटी ते बाईंकडे वळले. आवाज शिकवतानाचाच होता, नेहमीसारखा स्वच्छ.

"बाई, तुमचं बरोबर होतं. जे दिसलं ते तुम्ही बोललात. चूक माझी आहे, तुमची काडीचीही नाही. हे मी तुम्हाला लेखी द्यायलाही तयार आहे."

"नाही नाही, सर—"

"आणि शिकणं सोडायचं नाही. तुमच्या घरी गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. टपाल कचेरीसमोर एक जण शिकवतो. आम्ही घरात त्याला विमानवाला म्हणतो, कारण तो शिकवत नाही, उडवतो." इतकी वर्षं ते त्या माणसाचं नाव निघालं तरी जेवणाच्या ताटावरून उठायचे. "पण माणूस वाईट नाही आणि नजर चांगली आहे त्याची. मी सांगतो त्याला तुमच्याबद्दल. तो घाई करायला लागला तर ऐकायचं नाही. आणि दिसेल ते मोठ्याने बोलत राहायचं. तो हसेल. हसू दे."

बाई रडतच गेल्या. आई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. पडलेल्या बाईने पाडणाऱ्या बाईची समजूत घालावी, असं ते दृश्य होतं. आत मी आणि बाबा दोघेच उरलो.

"हवा तू सोडलीस," ते म्हणाले.

"हो."

"दोनच चाकांची का सोडलीस? चारही सोडायला हवी होतीस."

रात्री ते जेवले नाहीत. आईही जेवली नाही.

सकाळी उन्हं अंगणात आल्यावर बाबांनी मला बोलावलं. "लख्ख उजेडात बघू. म्हणजे मला सबब नको." त्यांनी मला उजवीकडे स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः डावीकडे बसले, काच खाली केली. "इंजिन सुरू ठेव, रस्त्यावर असतं तसं. आई मागून चालत येईल, सायकलवाले येतात तशी कडेने. मी समोर बघणार. ज्या क्षणी दिसेल त्या क्षणी बोलेन. तू फक्त विचारायचं."

आई गाडीमागे जाऊन उभी राहिली होती. मला हे नको होतं. डॉक्टरांकडे जाऊ या, ते यंत्रावर तपासतील, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "डॉक्टर डोळे तपासतील. मला मास्तर तपासायचाय. विचार."

"बोला," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द माझ्या बाजूने आला.

"पुढे फाटक," बाबांनी सुरुवात केली. "फाटकावर मांजर. फाटकापलीकडे शेजाऱ्यांची गाडी, कुणी आत नाही. उजवीकडे नळ. नळाखाली बादली, अर्धी भरलेली." त्यांचा सूर अगदी तयार गवयासारखा लागला होता. मला जरा आशा वाटायला लागली.

"डावीकडे?"

"डावीकडे भिंत."

आई आरशात दिसायला लागली होती. मी आरशातली नजर काढून घेतली, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळू नये म्हणून. ती मागच्या दारापाशी आली. मग पुढच्या दारापाशी आली. मग त्यांच्या खिडकीशी येऊन थांबली, इतकी जवळ की तिच्या कोपराची पट्टी दाराला टेकली. तिचे डोळे भरून आले होते.

"डावीकडे?" मी पुन्हा विचारलं.

"भिंतच आहे अजून," बाबा समोर बघत म्हणाले. "तिला म्हणावं, निघ आता. किती वेळ लावतेय?"

"मी इथेच आहे, अहो," आई म्हणाली.

बाबा दचकले नाहीत. त्यांनी हळूहळू मान वळवली आणि ती त्यांना दिसली.

"कधीपासून?"

"झाला थोडा वेळ."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या कोपरावरची पट्टी चाचपली, सैल झाली होती ती नीट खोचली. मग मला म्हणाले, "बंद कर इंजिन." गाडीतून उतरून त्यांनी छपरावरची पाटी काढली, फडक्याने पुसली आणि घरात नेऊन कपाटावर ठेवली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, आहे ते औषधाने राखता येईल, रोज थेंब घालायचे, दर थोड्या दिवसांनी दाखवायला यायचं. बाबांनी सगळ्या विद्यार्थ्यांना एकेक करून स्वतः फोन केला. 'तब्येत बरी नाही' असं म्हणायला मी सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. "मला डावीकडचं दिसत नाही, म्हणून शिकवणं बंद केलं," असं प्रत्येकाला सांगितलं आणि प्रत्येकाला विमानवाल्याचा पत्ता दिला. गॅरेजवाला येऊन त्यांच्या बाजूचा ब्रेक काढून घेऊन गेला. तो काढत होता तेव्हा बाबा आत बसून आईला फाटलेल्या कपड्यांच्या टाचण्या काढून देत होते. सगळ्या टाचण्या तिने त्यांच्या उजव्या हाताला ठेवल्या होत्या.

पुढच्या तपासणीला मी त्यांना टॅक्सीने नेते म्हणाले. ते म्हणाले, "का? बस बंद पडल्या?"

त्या सकाळी आमच्या थांब्यावर मी दार उघडलं तर बाबा रांगेत उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मी इतकी वर्षं याच मार्गावर आहे, पण ते माझ्या बसमध्ये कधी चढले नव्हते. पुढच्या गाडीतून आरशात बघायचे तेवढंच.

"काय ड्रायव्हर, जागा आहे का?"

"बसा," मी म्हणाले. दारामागच्या पहिल्या सीटवर बसलेल्या एका पोरीने उठून त्यांना जागा दिली. तिथून समोरची काच पूर्ण दिसते आणि डावीकडची खिडकीही.

पहिल्या दोन थांब्यांना त्यांचा पाय दाबला गेला. मला आरशात दिसलं. तिसऱ्याला त्यांनी तो उचलून दुसऱ्या पायाखाली घातला. बाजाराचा रस्ता आला. मोटारी त्यांच्या पट्टीत तुंबल्या होत्या, आम्ही आमच्या पट्टीतून पुढे सरकत होतो आणि हिरव्या पट्टीवरून सायकली आम्हा दोघांच्याही पुढे जात होत्या. बाबा ते सगळं बघत होते.

घड्याळाच्या दुकानापाशी सिग्नल लाल होता. वळणाचा दिवा लावून मी थांबले. मग काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. लायसन्स मिळाल्यावर सुटलेली ती सवय, इतक्या वर्षांनी, भरल्या बसमध्ये, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"पुढे कुणी नाही. उजवीकडे दोन मोटारी, मधे मोकळी जागा. समोरून एक बाई पोराला घेऊन ओलांडतायत. ओलांडल्या." सिग्नल हिरवा झाला. मी आरशात पाहिलं. लाल डबा येत होता. "डावीकडे सायकल."

आणि मी थांबून राहिले.

बाबांनी समोरचा दांडा धरला आणि मान नाही, सगळं अंगच डावीकडे वळवलं. कपाळ काचेला टेकलं. आई हिरव्या पट्टीवरून सरळ बघत, तिच्या नेहमीच्या बेताच्या वेगाने आली आणि दारासमोरून पुढे गेली. तिने बसकडे पाहिलं नाही. चालवणाऱ्याने इकडे तिकडे बघू नये, हेही तिला बाबांनीच त्या दोन दिवसांत शिकवलं असणार.

बाबांनी दोन बोटं उचलून कपाळाला लावली. ती लावेपर्यंत आई वळणाचं तोंड ओलांडून पुढच्या गर्दीत मिसळली होती. हिरवी पट्टी मोकळी होती आणि बाबा त्या मोकळ्या पट्टीकडे बघत बोटं तशीच कपाळाला लावून बसले होते.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग आणखी एकाने. मी 'घे'ची वाट बघत होते. ते काही बोलले नाहीत. मग मी पुन्हा एकदा डावीकडे बघितलं, नीट बघितलं, आणि बस वळवली.